उंबऱ्यापासून अकरा पावलं

११ जानेवारी २०२५, शनिवार

चिंचगल्लीतलं घर पाहून आले. भद्रकालीच्या मागची गल्ली. पार्किंग नाही, लिफ्ट नाही. माझी गाडी आणि समोरून आलेली म्हैस, दोघींपैकी आधी कोणी जायचं यात पाच मिनिटं गेली. म्हैस गेली.

मालक गोटीराम काका. वय शहात्तर. जन्मभर फुलांचा धंदा. मुलगा अश्विन अंबडला कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना पाथर्डी फाट्याला रो हाऊस घेऊन दिलं. तेव्हापासून हे जुनं घर बंद. आता विकायचं म्हणतात. काम सोपं. कागद स्वच्छ, वारस एकच. असली पार्टी देव रोज देत नाही!

मी लेझर मीटर लावून मापं घेत होते, तेवढ्यात काका उंबऱ्यातून खाली उतरले आणि गल्लीत चालायला लागले. मोजत होते. अकराला थांबले. चपलेच्या टाचेनं पेव्हर ब्लॉक ठोकला.

‘इथं.’

‘काय इथं, काका?’

‘रहाड.’

मी मालेगावची, पण इतकी वर्षं नाशकात काढल्यावर रहाड म्हणजे काय ते कळतं. जमिनीखालचा रंगाचा हौद. रंगपंचमीला उघडायचा, रंगीत पाण्यानं भरायचा, वरून धप्पाधप उड्या मारायच्या. मग लाकडं टाकून, माती लोटून पुन्हा बुजवायचा. वर्षभर वरून रिक्षा जातात, कोणाला पत्ता नाही. जुन्या नाशकात अशा काही अजून उघडतात. चिंचगल्लीची मात्र कधीची बंद.

अश्विन हळूच म्हणाला, ‘ताई, बाबांचं मनावर घेऊ नका.’ मी कशाला घेते? फक्त जाहिरातीचा व्हिडिओ काढताना काका सारखे मध्ये येत होते, ते कापून टाकलं.

१४ जानेवारी

तिळगूळ द्यायला पाथर्डी फाट्याला गेले. खरं तर अटी-शर्ती पक्क्या करायला. तिळगूळ हे निमित्त.

त्या कॉलनीत मी स्वतः अठरा रो हाऊस विकली आहेत. तेव्हा तिथं प्रत्येकाचं गेट बंद आणि प्रत्येकाची गाडी दुसऱ्याच्या गेटसमोर, एवढाच शेजारधर्म होता. आज बघते तर सगळ्या गेटांना झेंडूची तोरणं, कुंपणाला शेवंती. आणि बायका रस्त्यात खुर्च्या टाकून बसलेल्या! कोणी केलं हे? गोटीराम काकांनी. सकाळी फिरायला जाताना खिशात बी न्यायचे. ज्याच्या घरापुढं मोकळी माती दिसेल त्याची बेल वाजवून विचारायचे, ‘एक रोप लावू का?’ नाही म्हणायला कोणाला सुचत नाही. मग पाणी घालायच्या निमित्तानं रोज बेल.

मला ते फार आवडलं. लिहून ठेवते. मी सहा वर्षं इंदिरानगरला त्याच फ्लॅटमध्ये भाड्यानं राहते. समोरच्या दारावर ‘शुभ लाभ’ लिहिलंय, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख.

काकांची एकच अट. घर विका, पण रंगपंचमी झाल्यावर. त्याआधी रहाड एकदा उघडायची.

मी म्हटलं, ‘काका, रहाड तर रस्त्यात आहे. घर विकलं तरी ती कुठं जातेय? पुढच्या वर्षी उघडा की सावकाश.’

‘शब्द घरानं द्यावा लागतो, पोरी. आमच्या घराला रंगाचा मान. उंबऱ्यात उभं राहून “उघडा” म्हणायचं, मग गल्ली हात लावते. घरच गेल्यावर शब्द कोण देणार?’

‘मग इतकी वर्षं का नाही दिला?’

काकांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. ‘गोड बोल,’ म्हणाले.

भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो. सरुबाई. अठ्ठावीस वर्षांपूर्वी फाल्गुनात गेल्या, असं अश्विन नंतर गेटपाशी बोलला. तो तेव्हा चौथीत होता.

१९ जानेवारी

गल्लीत तिघांना विचारलं, रहाड बंद का झाली. तिघांचं उत्तर शब्दाला शब्द एकच — ‘रस्ता झाला अन् रहाड बंद झाली.’ सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवल्यासारखं. असेल बुवा. डांबर पडलं की काय काय गाडलं जातं.

२ फेब्रुवारी, रविवार

पार्टी मिळाली! समर्थ. निफाडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा, वय तीस-बत्तीस. खाली दोन दुकानं, वर राहायला जागा असं बांधायचं म्हणतो. त्याला घर आवडलं. म्हणजे जागा आवडली, घर पाडणार आहे. फेब्रुवारीअखेर ताबा हवाय. कॉन्ट्रॅक्टर मोकळा आहे म्हणे.

रंगपंचमीपर्यंत थांबायला सांगितलं तर बघतच राहिला. ‘ताई, मी प्लॉट घेतोय का सण?’ उत्तर चांगलं होतं, मला हसू आलं. पण काकांसमोर हसले नाही.

समोर सुलाबाई राहतात. ऐंशीच्या घरात असतील. त्यांनी आम्हाला चहाला ओढून नेलं. एवढीशी खोली, आणि कोपऱ्यात हा एवढा तांब्याचा हंडा! मी आत बसले तर फक्त डोकं बाहेर राहील. आणि चकचकीत! त्यात तोंड पाहून मी केस सारखे केले.

‘आजी, पाणी भरता की काय यात?’

‘पाणी कशाला? नळ हाय की.’

‘मग?’

‘घासते. फाल्गुन जवळ आला की चिंच लावून घासायचा.’

लोकांना भांड्यांचा केवढा सोस असतो! माझ्या आईची पितळेची कळशी आठवली. ती मी मोडीत घातली. जाऊ दे.

१२ फेब्रुवारी

समर्थ तयार झाला! मार्चअखेर खरेदीखत. तीनदा निफाडला फोन, एकदा स्वतः त्याच्या बागेत जाऊन पावशेर द्राक्षं खाल्ली, तेव्हा कुठं. फक्त म्हणाला, जुनं सागवान विकायचंय, लाकूडवाल्याला घर दाखवायला चावी द्या. दिली. त्यात काय? दाखवायलाच तर मागितली.

१५ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे. लिहून ठेवते म्हणजे पुन्हा वाचता येईल.

सकाळी सुलाबाईंचा फोन. ‘पोरी, दार नेलं ग!’

लाकूडवाला वाल्मीक. समर्थ त्याला म्हणाला होता, ‘चौकट बघून घे.’ त्यानं बघितली आणि घेतली! दोन माणसं, दोन पहारी, एक टेम्पो. चौकट, दार आणि उंबरा, सगळं आख्खं. गल्लीतली माणसं कामावर गेलेली. सुलाबाई टेम्पोपुढं उभ्या राहिल्या, तर तो म्हणतो, ‘आजी, मालकाची परवानगी हाय, म्याडमनी चावी दिली.’

चूक वाल्मीकची नाही. समर्थचीही नाही. खरेदीखत व्हायच्या आधी मालकाला न विचारता चावी देणारी मी. धंद्यात आम्ही सगळे हेच करतो. पार्टी खूश राहावी म्हणून चावी गावभर फिरवतो. आजपर्यंत कधी काही बिघडलं नव्हतं, म्हणून ती चूक वाटत नव्हती.

भिंतीत नुसतं भगदाड. उंबऱ्यात उभं राहून शब्द द्यायचा, आणि उंबराच नाही.

स्वतः जाऊन काकांना सांगितलं. फोनवर सांगायचं धाडस झालं असतं, पण ते बरोबर झालं नसतं.

१६ फेब्रुवारी

काका रागावले नाहीत. ‘चहा घे,’ म्हणाले. रागावले असते तर मला आज जेवण गेलं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वाल्मीकचं गोडाऊन आडगावच्या पुढं, हायवेला लागून. काका, अश्विन आणि मी गेलो.

आत शिरलो आणि माझे पायच थांबले. दारं, खांब, तुळया, कमानी. कुठली कुठली घरं तिथं भिंतीला टेकून उभी! मी स्वतः विकलेल्या दोन घरांचे खांब तर ओळखले. एकाची कोयरी लक्षात होती. फोटो मीच काढला होता.

वाल्मीक माणूस चांगला. कानाला हात लावून म्हणाला, ‘बाबा, माहीत असतं तर खिळा काढला नसता.’ पण पंचाईत अशी, की त्याच्या पोरांनी चौकटी सुट्या करून उंबरे एका बाजूला रचलेले. चाळीसेक उंबरे. सगळे काळे, सगळे झिजलेले. अश्विनला ओळखू येईना. मलाही नाही. माझ्याकडं घराचे बत्तीस फोटो होते, उंबऱ्याचा एकही नव्हता.

काकांनी चपला काढल्या. उंबरे एकेक करून जमिनीवर मांडायला लावले आणि प्रत्येकावर पाय ठेवत गेले. डोळे मिटून. वाल्मीकची पोरं आधी हसत होती, मग तीच पुढचे उंबरे सरळ करून द्यायला लागली. सतराव्याला काका थांबले. डावा पाय थोडा सरकवला, परत ठेवला.

‘हा. इथं सरूनं पूजेचा नारळ आपटला होता. म्हटलं होतं, दगडावर फोड. ऐकेल तर ना!’

वाकून पाहिलं. डाव्या कडेला खाच होती. अंगठा बसेल एवढी.

वाल्मीकनं भाडं न घेता टेम्पोतून परत पाठवला. माझ्या धंद्यात मी असा माणूस पाहिला नव्हता, गोटीराम काकांसारखा. आणि वाल्मीकसारखाही नव्हता, हे पण लिहायला हवं.

६ मार्च

रस्ता खोदायची परवानगी हातात! अर्ज कोणी लिहिला, सह्या कोणी गोळा केल्या विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. एकशे बारा सह्या. निम्म्या गल्लीतून, निम्म्या सिडको, म्हसरूळ, गंगापूर रोड, कुठं कुठं फ्लॅट घेऊन गेलेल्या लोकांच्या. मला वाटायचं, फ्लॅट घेतला की माणूस गल्लीतून गेला. आमच्या रजिस्टरात तरी तसंच लिहितो आम्ही.

१३ मार्च, होळी

संध्याकाळी काकांनी शब्द दिला.

उंबरा भगदाडात बसवला होता, खाली चार विटा. गल्ली भरलेली. वर गॅलरीतही माणसं. सुलाबाई पुढं खुर्चीत. मी मागं, समर्थच्या शेजारी. तो मुद्दाम आला होता. ‘आपलं होणारं दार आहे, बघावं म्हटलं.’

काका उंबऱ्यावर चढले. धोतर, पांढरी टोपी. डाव्या पायाचा अंगठा खाचेवर फिरवत राहिले. अश्विन पुढं झाला तर सुलाबाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

मग काका म्हणाले, ‘उघडा.’

आता ढोल वाजेल, असं मला वाटलं. ढोलवाला होताही, पण त्यानं टिपरी उचललीच नाही. सुलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. घर विकलं जाणार म्हणून असेल. मलाही वाईट वाटलं. आपणच विकतोय आणि आपल्यालाच वाईट वाटतंय!

१५ मार्च, शनिवार

आज फजिती आणि आनंद, दोन्ही.

सकाळी पेव्हर ब्लॉक काढले. काकांनी उंबऱ्यापासून अकरा पावलं मोजली, तिथं खूण केली. पोरांनी कुदळी घातल्या. एक फूट, दोन फूट, तीन फूट. नुसता मुरूम! एक जुनी चप्पल आणि एक बाटली निघाली. काकांनी परत मोजलं, परत तिथंच आले. बारा वाजले. लोक एकमेकांकडं बघायला लागले. काका पायरीवर बसले आणि तळवे बघत राहिले. मला ते बघवेना.

तेवढ्यात सुलाबाई वरच्या पट्टीत म्हणाल्या, ‘अरे, त्याचे गुडघे बघा की! तेव्हाचं पाऊल अन् आताचं पाऊल एक हाय का? अश्विन, तू चाल!’

अश्विन बापासारखाच उंच आहे. उंबऱ्यात उभा राहिला. ‘एक,’ काका म्हणाले. अश्विननं पाऊल टाकलं. ‘असं नाय. फुलांची पाटी डोक्यावर हाय असं चाल.’ सगळी गल्ली मोजायला लागली. पाच! सहा! सात! अकरावं पाऊल आधीच्या खड्ड्याच्या चांगलं सहा-सात फूट पुढं पडलं.

दीड फुटावर कुदळ ठक्कन वाजली. सागाचा ओंडका! माती झाडली, तर शेजारी दुसरा, मग तिसरा. दोन कुजलेले, बाकीचे टणक. खाली काळ्या दगडाची बांधीव भिंत, एक चिरा हललेला नाही.

माझं लेझर मीटर पर्समध्येच राहिलं. अश्विन आईच्या आठवणीनं की उन्हानं, कोण जाणे, पण हमसून रडला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ‘आधी पाणी पी’ म्हणाले.

१७ मार्च

गाळ उपसला. पेठ तालुक्यातून पळसाची फुलं आली, सहा पोती. रंग कशात उकळणार विचारलं, तर चौघं जण सुलाबाईंच्या घरातून तो हंडा घेऊन आले. अच्छा! म्हणजे हा रंगाचा हंडा. मला वाटलं होतं नुसती हौस.

१९ मार्च, रंगपंचमी

हात अजून केशरी आहेत. पानावर बोटं उमटली, उमटू देत.

पूजा झाली. नारळ फोडला, दगडावर! पहिल्या धप्प्याचा मान काकांचा. त्यांनी पायऱ्यांवरून पाण्यात पाय बुडवले, ओंजळभर रंग डोक्यावर घेतला आणि अश्विनला म्हणाले, ‘जा.’ अश्विननं चष्मा माझ्या हातात दिला आणि धप्प! पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत उडालं. मग कोण कोणाला विचारतंय! म्हसरूळचे, सिडकोचे, बँकेतले, भाजीवाले सगळे एका रंगाचे. पाथर्डी फाट्याची कॉलनी तर दोन टेम्पो भरून आलेली. काका त्यांची ओळख करून देत होते, ‘हे आमचे शेजारी,’ आणि गल्लीची त्यांना, ‘हे आमचे शेजारी.’

समर्थ पांढरा शर्ट घालून ‘लांबूनच बघतो’ म्हणत होता. चार जणांनी उचलला. वर आला तो ओरडत, ‘ताई, पाणी लय गार हे!’ आणि स्वतःच परत उडी!

मग मला ढकललं. कोणी ढकललं माहीत नाही. सुलाबाईंचा संशय आहे. पाण्याखाली क्षणभर सगळं केशरी आणि शांत. वर आले तर कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडत होतं. या शहरात वीस वर्षं झाली. इतक्या लोकांना माझं नाव माहीत आहे, हे मला आज कळलं.

२८ मार्च, शुक्रवार

खरेदीखत झालं. काकांचा अंगठा पहिल्या झटक्यात मशीनला लागला, अश्विनचा तीनदा.

मसुदा मीच तपासला होता. चतुःसीमेत मी लिहिलं होतं, ‘पूर्वेस: रस्ता’. सही करायच्या आधी समर्थनं बोट ठेवलं. ‘ताई, हे चुकलंय.’ वकील म्हणाले रस्ताच आहे. समर्थ ऐकेना. पान बदललं. ‘पूर्वेस: रस्ता व त्याखाली चिंचगल्लीची रहाड.’ उंबरा नव्या इमारतीच्या दाराला लावणार आहे तो. ‘पण शब्द तुम्हीच यायचं द्यायला,’ असं काकांना सांगून ठेवलंय. काकांनी मान डोलावली.

मी इतक्या चतुःसीमा लिहिल्या, एकीचाही अभिमान वाटला नव्हता.

२९ मार्च, शनिवार

पेढे घेऊन सुलाबाईंकडं गेले. हंडा परत कोपऱ्यात, धुऊन पालथा. सहज विचारलं, ‘आजी, रस्ता नक्की कधी झाला हो?’

‘रस्ता? दोन हजार एकला.’

‘पण अर्जात तर होतं, रहाड सत्त्याण्णवला बंद झाली?’

सुलाबाईंनी पेढा खाली ठेवला. दार लोटून घेतलं. ‘सरू गेली त्या वर्षी नाय उघडली. मानाच्या घरात दुःख. ते घर उंबऱ्यातून म्हणेल तेव्हाच उघडायची. दुसऱ्या वर्षी वाट पाहिली. गोटीराम नाय म्हणाला. तिसऱ्या वर्षीबी नाय. मग रस्ता झाला. बरं झालं, सांगायला कारण मिळालं.’

‘सगळ्यांना माहीत होतं? अठ्ठावीस वर्षं? आणि कोणीच त्यांना म्हटलं नाही?’

‘काय म्हणायचं? तुझ्या बायकोचं दुःख आवर, आम्हाला रंग खेळायचाय?’

‘मग हा हंडा दरवर्षी कशाला घासत होतात?’

‘अन् एखाद्या वर्षी तो “उघडा” म्हणाला असता तर?’